'कोल्हापूर' नावाचं ब्रिटिश इंजिन, आणि इंजिन कानाने ओळखायची रीत

प्रश्न थोडक्यात असा: "ब्रिटनमधली वाफेची इंजिनं फोटोत मला सगळी सारखीच दिसतात. लोक त्यांच्यासाठी एवढे वेडे का होतात? उन्हाळ्यात आठवडाभर बर्मिंगहॅम आणि यॉर्क भागात आहे, तर काय बघू आणि कसं बघू? आणि कोल्हापूर नावाचं इंजिन तिकडे आहे म्हणतात, ते खरं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

हो, आहे. क्रमांक ५५९३, नंतरचा ४५५९३. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने १९३४ साली लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी, म्हणजे एलएमएससाठी बांधलं. याच कंपनीने भारतातही शेकडो इंजिनं पाठवली होती. एलएमएसने १९३४ ते १९३६ या काळात या घडणीची १९१ इंजिनं घेतली. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव १९३५ मध्ये झाला, त्यावरून वर्गाचं नाव 'ज्युबिली' पडलं आणि इंजिनांना साम्राज्यातले देश, प्रांत, संस्थानं, आरमारी सेनापती आणि युद्धनौका यांची नावं दिली गेली. बॉम्बे होतं, बडोदा होतं, ग्वाल्हेर आणि इंदूरही होतं. भंगारातून वाचली फक्त चार: कोल्हापूर, बहामाज, लिअँडर आणि गॅलाटिया. म्हणजे भारतातल्या नावांपैकी एकटं कोल्हापूर उरलं. बर्मिंगहॅमच्या टायस्ली शेडच्या संग्रहात ते आहे.

आता वेडाबद्दल. माझं मत सरळ आहे: ब्रिटिश इंजिनांची मजा वेगात किंवा आकारात नाही, अडचणीत आहे. जगात रेल्वे सगळ्यांत आधी तिथे आली आणि त्याची किंमत त्यांना कायमची मोजावी लागली. १८३० आणि १८४० च्या दशकांत बांधलेले बोगदे, पूल आणि फलाट पुढच्या प्रत्येक इंजिनाच्या मानगुटीवर बसले. रुंदी साधारण ९ फूट, उंची साधारण १३ फूट. याच्या बाहेर काही गेलं की कुठेतरी घासणार. आपल्याकडचे रूळ साडेपाच फुटांवर, त्यांचे ४ फूट साडेआठ इंचांवर. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर जेमतेम ४ फूट साडेपाच इंच, आणि त्यातूनही दोन्ही बाजूंच्या जाड फ्रेम वजा करायच्या.

यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ही गोष्ट एका नजरेत कळते. लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीने १९३५ साली चीनसाठी बांधलेलं केएफ ७ वर्गाचं एक अजस्र इंजिन तिथे आहे. रुळांची रुंदी तीच, बांधणारे ब्रिटिशच, पण ते ब्रिटनच्या बोगद्यांत मावलंच नसतं. त्याच्याशेजारी ब्रिटिश एक्स्प्रेस इंजिनं सडपातळ वाटतात. (१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनंही याच व्हल्कन फाउंड्रीची.)

ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठे करावे लागतात. बाहेरचे दोन सिलिंडर फुगवत गेलं की ते फलाटाला लागतात. मग तिसरा, कधी चौथाही, फ्रेमच्या मध्ये, बॉयलरखाली कोंबायचा. ज्युबिलीत १७ इंच व्यासाचे तीन सिलिंडर आहेत, दोन बाहेर आणि एक आत. त्याच काळातल्या, त्याच कंपनीच्या 'ब्लॅक फाइव्ह' वर्गात साडेअठरा इंचांचे दोनच, दोन्ही बाहेर. दोन्ही वर्गांचा आराखडा विल्यम स्टॅनियर यांचा, दोन्हींची चाकं ४-६-० रचनेत: पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी जोडचाकं, मागे काही नाही. फोटोत ही दोन भावंडं चटकन वेगळी ओळखू येत नाहीत. डोळे मिटले की लगेच येतात.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथूनच इंजिन 'कळायला' लागतं.

सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यावाटे बाहेर पडते, तेव्हा एक ठोका ऐकू येतो. दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी मिळते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर दोनदा श्वास सोडतो. दोन सिलिंडरांच्या इंजिनाचे फेऱ्याला चार ठोके. तीन सिलिंडरांचे क्रँक (दट्ट्याची ये-जा चाकाच्या फेऱ्यात बदलणारे बाक) एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवलेले असले की सहा. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर ब्लॅक फाइव्ह केरव्यात चालतं आणि ज्युबिली दादऱ्यात. चार सिलिंडरांच्या इंजिनाचे आठ व्हायला हवेत, पण ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या 'कॅसल' आणि 'किंग' वर्गांत सिलिंडर जोडीने श्वास सोडतात म्हणून चारच ऐकू येतात. सदर्न रेल्वेच्या 'लॉर्ड नेल्सन' वर्गात क्रँक मुद्दाम १३५ अंशांवर बसवले, तिथे खरोखर आठ येतात.

ठोके मोजून वेगही काढता येतो. ज्युबिलीचं मोठं चाक ६ फूट ९ इंचांचं, परीघ सुमारे २१.२ फूट. गाडी फलाटावरून निघाली की १० सेकंदांत ४१-४२ ठोके पडले तर वेग ताशी १० मैल. ब्लॅक फाइव्हचं चाक ६ फुटांचं, त्याच वेगाला १० सेकंदांत ३१ ठोके. वेग वाढला की मोजणं अशक्य होतं. ज्युबिलीचे ताशी ६० मैलांना सेकंदाला जवळपास २५ ठोके होतात, तेव्हा नुसती घरघर उरते. मग खिडकीतून मैलाचे खांब धरा. ब्रिटनमध्ये ते दर पाव मैलाला असतात. दोन खांबांमधले सेकंद मोजा आणि ९०० ला त्या संख्येने भागा: १५ सेकंद म्हणजे ताशी ६० मैल, २० म्हणजे ४५. एका जोडीवर विसंबू नका, लागोपाठ चार खांब मोजा. एखादा खांब झुडपात हरवलेला असतो आणि मग वेग एकदम निम्मा आला म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो.

सहा ठोक्यांचा फायदा नुसता कानाला नाही. चाकावर येणारा जोर अधिक सलग राहतो, त्यामुळे ओल्या रुळावर चढ चढताना चाक जागच्या जागी फिरायची शक्यता कमी होते.

तोटा आतल्या सिलिंडरात दडलेला आहे. तिथे माणसाचा हात नीट पोचत नाही. ज्युबिलीचे बाहेरचे सिलिंडर मधल्या जोडचाकांना फिरवतात आणि आतला पहिल्या जोडचाकांना. त्यासाठी पहिल्या आसालाच मध्ये क्रँकचा बाक द्यावा लागतो, आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक, ज्याला सगळे बिग एंडच म्हणतात, ते त्या बाकावर फिरतं. त्याला तेल घालायचं तर इंजिन खड्ड्यावर आणायचं आणि आतला क्रँक हाताला लागेल अशा बेताने थांबवायचं. मग हँडब्रेक लावायचा, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मधोमध आणायचा, सिलिंडरचे निचरा कॉक उघडे ठेवायचे, हलवू नये अशी पाटी लावायची आणि मगच फ्रेमच्या मध्ये घुसायचं. रेग्युलेटरमधून, म्हणजे बॉयलरची वाफ सोडणाऱ्या झडपेतून, थोडी वाफ गळून सिलिंडरात साठली तर इंजिन आपोआप सरकू शकतं. कॉक उघडे ठेवायचे ते यासाठी.

तेलाची कुपीही बघण्यासारखी असते. न फिरणाऱ्या जागी, म्हणजे स्लाइड बारसारख्या (दट्ट्याच्या दांड्याला सरळ ठेवणारी पट्टी) ठिकाणी, लोकरीच्या धाग्याची वात तारेवर गुंडाळून तेलात सोडलेली असते. समईतली वात जशी तेल वर ओढते तशीच ही ओढते आणि नळीतून थेंब थेंब खाली सोडते. धागे जास्त घेतले की तेल जास्त जातं, वात घट्ट बसवली की कमी. दिवस संपला की या वाती काढून ठेवायच्या, नाहीतर इंजिन रात्रभर उभं असतानाही कुपी रिकामी होते. बिग एंड फिरत असतो, तिथे तेल हिसक्यानेच उडतं, म्हणून वात वेगळ्या पद्धतीची, भोकात दट्ट्यासारखी बसणारी. कुपीला बूच लाकडी सालीचं आणि त्यात वेताचा तुकडा खोचलेला. वेताच्या सूक्ष्म नळ्यांतून हवा आत येते. पूर्ण बंद बूच लावलं तर आत पोकळी होऊन तेल उतरतच नाही आणि काही मैलांत बेअरिंग तापतं. एवढ्याशा वेतावर शंभरेक टनांचं यंत्र अवलंबून असतं.

आता यॉर्कच्या संग्रहालयातल्या मॅलर्ड या इंजिनाकडे वळू, कारण तीन सिलिंडरांचंच ते दुसरं उत्तर आहे.

ज्युबिलीत तिन्ही सिलिंडरांना वाफ सोडणारी स्वतंत्र व्हॉल्व्ह गिअर आहे. तिसरी गिअर आत, म्हणजे आणखी गर्दी. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या नायजेल ग्रेस्ली यांनी ती टाळली. तीन क्रँक समान अंतरावर असले की बाहेरच्या दोन व्हॉल्व्हच्या हालचालींची बेरीज उलटी केल्यावर तिसऱ्याची हालचाल मिळते. ही बेरीज त्यांनी सिलिंडरांच्या पुढे बसवलेल्या दोन आडव्या दांड्यांनी केली. कल्पना देखणी आहे, पण ती तिथे बसवली जिथे स्मोकबॉक्सची (धुराड्याखालच्या पेटीची) राख पडते. सांध्यांच्या खिळींमध्ये थोडी झीज झाली की ती एकमेकांत मिळते आणि दोनास-एक प्रमाणाची दांडी ती आणखी वाढवते. वाफेने तापलेल्या बाहेरच्या व्हॉल्व्ह दांड्या लांबतात, तोही फरक मधल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. वेग चढला की मधला व्हॉल्व्ह हवा त्यापेक्षा जास्त सरकतो, मधला सिलिंडर आपल्या वाट्याहून जास्त काम करतो आणि त्याचा बिग एंड तापतो. झिजलेल्या ग्रेस्ली इंजिनाचे सहा ठोके म्हणूनच लंगडतात. कान तयार झाला की फलाटावरूनच कळतं, याला वर्कशॉपची गरज आहे.

३ जुलै १९३८ रोजी मॅलर्डने स्टोक बँकच्या उतारावर सात डबे, सुमारे २४० टन घेऊन ताशी १२६ मैल गाठले, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही उभा आहे. जर्मनीच्या ०५ ००२ ने १९३६ मध्ये २००.४ किलोमीटर केले होते. ग्रेस्ली स्वतः १२५ लाच मान्यता देत होते. चाक ६ फूट ८ इंचांचं; १२६ मैलांना ते सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेत होतं. आणि झालं तेच, जे व्हायचं होतं: मधल्या बिग एंडचं व्हाइट मेटल (बेअरिंगचं मऊ धातूचं अस्तर) वितळलं, पीटरबरोला मॅलर्ड काढून जुन्या अटलांटिक (४-४-२ रचनेच्या) इंजिनाने गाडी लंडनला नेली. असं होईल याचा अंदाज होता, म्हणून त्या बेअरिंगमध्ये बडीशेपेच्या उग्र वासाची कुपी ठेवलेली होती. तापून फुटली की ड्रायव्हरला वासाने कळावं. संग्रहालयात बहुतेक लोक विक्रमाच्या पाटीचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही पुढून वाका आणि बफरबीमच्या (इंजिनाच्या पुढच्या आडव्या तुळईच्या) मागे त्या दांड्या कुठे असतील ते शोधा. विक्रमाच्या गोष्टीचा निम्मा भाग तिथे आहे. त्या दिवशी वेग नोंदवणारा डायनॅमोमीटर डबाही याच संग्रहालयाचा.

१९५० च्या दशकात ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडन कारखान्यातून ग्रेस्लींच्या जुन्या डॉनकॅस्टर कारखान्यात आलेल्या के. जे. कुक यांनी दुर्बिणीने फ्रेम आणि आस जुळवायची पद्धत आणली आणि स्विंडनच्या धर्तीचा बिग एंड बसवला. त्यानंतर हीच इंजिनं निमूट चालू लागली. दोष आराखड्यात होता, पण त्याहून जास्त तो मापं किती काटेकोर ठेवली यात होता.

ज्युबिलीची रड वेगळी होती: वाफच पुरत नव्हती. स्टॅनियर १९३२ मध्ये ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडनहून एलएमएसमध्ये आले आणि तिथली सवय बरोबर घेऊन आले: वाफ जास्त तापवायची नाही. चांगल्या वेल्श कोळशावर ते खपून जात होतं. सुरुवातीच्या ज्युबिलीत वाफ पुन्हा तापवणाऱ्या नळ्यांचे फक्त १४ संच होते. कमी तापलेली वाफ सिलिंडरच्या भिंतीला लागून पाणी होते. म्हणजे पाणी जास्त, कोळसा जास्त, फायरमनची दमछाक. दुसरी गोची ओढीची. धुराड्यातून सुटणारी वाफच आगीवर हवा ओढते. फेऱ्याला चार दणक्यांऐवजी सहा हलके ठोके पडले की ओढ मऊ होते, आणि ब्लास्ट पाइपचं, म्हणजे धुराड्याखाली ही वाफ सोडणाऱ्या नळीचं, तोंड त्या मानाने मोठं राहिलं तर आग पेटतच नाही. उपाय झाला तो दोन्ही बाजूंनी: तोंड लहान केलं आणि संच वाढवत २४ पर्यंत नेले. इंजिन तेच, फरक काही इंचांच्या आतला. त्यानंतर या वर्गाबद्दलची कुरकूर बरीच थांबली.

ग्रेट वेस्टर्नबद्दल थोडक्यात. तांब्याची कड असलेलं धुराडं, पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह, हिरवा रंग, ड्रायव्हर उजवीकडे. १९२५ साली त्यांच्या पेंडेनिस कॅसलला ग्रेस्लींच्या मोठ्या पॅसिफिक (४-६-२ रचनेच्या) इंजिनांच्या मार्गावर धावायला दिलं आणि लहान इंजिनाने कमी कोळशात काम केलं. ग्रेस्लींनी धडा घेतला, व्हॉल्व्हची हालचाल लांबवली आणि फ्लाइंग स्कॉट्समन या इंजिनाच्या वर्गाचा कोळसा लक्षणीय घटला. १ मे १९२८ पासून त्याच नावाची गाडी लंडन ते एडिंबरा ३९२ मैल न थांबता जाऊ लागली. वाटेत ड्रायव्हर-फायरमनची जोडी बदलावी म्हणून टेंडरमधून, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यातून, १८ इंच रुंदीचा बोळ काढलेला होता.

क्रमांकांची भानगड एकदा समजून घ्या, मग जुने फोटो आपोआप बोलतात. १ जानेवारी १९२३ ला शंभरावर कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि १९४८ ला त्या चारही सरकारी ब्रिटिश रेल्वेत गेल्या. एलएमएसच्या क्रमांकात ४०००० मिळवले, म्हणून ५५९३ चं ४५५९३ झालं. नॉर्थ ईस्टर्नमध्ये ६०००० मिळवले, सदर्नमध्ये ३००००. ग्रेट वेस्टर्नचे क्रमांक ओतीव पितळी पाट्यांवर होते, ते तसेच राहिले. स्मोकबॉक्सच्या दारावर खाली छोटी अंडाकृती पाटी दिसली तर ती शेडची: ५५ए म्हणजे लीड्सचं होलबेक. १९४२ पासून सदर्न रेल्वेचे एक कारकून इयन ॲलन यांनी क्रमांकांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका काढल्या आणि फलाटाच्या टोकाला वह्या घेऊन उभी राहणारी पोरांची पिढी तयार झाली. पुढे इंजिनं विकत घेऊन वाचवणारी मंडळी बरीचशी हीच.

कोल्हापूर शेवटी होलबेकलाच होतं. १९६७ च्या उन्हाळ्यात अल्बर्टा आणि अकिलीझ या दोन ज्युबिलींबरोबर शनिवारच्या गाड्या घेऊन ते उत्तर इंग्लंडमधल्या सेटल-कार्लाइल मार्गावर धावलं, आणि ऑक्टोबरमध्ये सेवेतून निघाल्यावर टायस्लीच्या मंडळींनी घेतलं. मुख्य मार्गांवरची वाफ ११ ऑगस्ट १९६८ ला संपली. लिअँडर आणि गॅलाटिया भंगारात गेलेली. वेल्समधल्या बॅरी इथल्या वुडहॅम यांच्या अड्ड्यावर वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी होती. वुडहॅम यांनी आधी मालडबे तोडायला घेतले, इंजिनं मागे ठेवली, आणि तेवढ्या उसंतीत तिथली २१३ इंजिनं वाचली.

आता तुमचा आठवडा. यॉर्कला एक पूर्ण दिवस द्या; प्रवेश मोफत आहे, पण इंजिनं इकडून तिकडे हलवली जातात, आदल्या दिवशी संकेतस्थळावर तपासा. चालतं ज्युबिली ऐकायचं तर दोन जागा. एक, बहामाजचं घर असलेली कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे. कीथलीतून निघाल्यावर लगेच चढ लागतो, म्हणून पहिल्या डब्यात बसा आणि खिडकी उघडा. दुसरी, सेटल-कार्लाइलवरच्या खास गाड्या. सेटलपासून ब्ली मूरपर्यंत सुमारे १५ मैल शंभरास एकचा चढ आहे. रिबलहेडच्या २४ कमानींच्या पुलाजवळ उभं राहिलात तर इंजिन दिसायच्या बरंच आधी दादरा ऐकू येतो. ठोके एकसारखे आहेत का, दर सहाव्याला एखादा दबतो का, एवढंच ऐका.

कुठल्याही जतन केलेल्या मार्गावर जमल्यास पहाटे जा. थंड बॉयलर घाईने तापवत नाहीत. ब्रिटिश भट्ट्या तांब्याच्या, बाहेरचं कवच पोलादी, दोन्ही वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात. घाई केली की नळ्या आणि स्टे (भट्टी आणि कवच जोडणारे दांडे) गळायला लागतात, म्हणून आदल्या दिवशीच हलकी आग टाकतात. सकाळी पहिली नजर पाण्याच्या काचेवर, मग भट्टीच्या छतातल्या शिशाच्या प्लगवर. नंतर स्मोकबॉक्समधली राख काढणं. त्याचं दार कडेला नीट बसलं नाही की हवा आत शिरते, ओढ मरते आणि साठलेली राख पेटून दाराचा पत्रा लाल होतो. दारावर रंग जळल्याचा भुरकट डाग दिसला तर कारण तेच. निघताना दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे सुटतात ते फोटोसाठी नसतात. सिलिंडरात साठलेलं पाणी दाबलं जात नाही, ते काढलं नाही तर झाकण फुटतं.

टायस्ली रोज उघडं नसतं, ठरावीक खुल्या दिवसांनाच आत सोडतात. तारखा आणि कोल्हापूर त्या दिवशी तिथे बघायला मिळेल का, दोन्ही आधी विचारा. ते चालू अवस्थेत नसलं तर हिरमुसू नका. सुटं केलेलं इंजिन मिळालं तर पहिल्या आसाचा तो क्रँकचा बाक उघड्यावर दिसतो, जो चालत्या इंजिनात कधीच दिसत नाही. टॉर्च घेऊन जा.